तीन नंबरचं मशीन

हसुराम नाखवा शनिवारी आले नाहीत.
सोमवारी सुनेचा फोन आला,
आणि कोपरीच्या आमच्या डायलिसिस केंद्रात
मंगळ-गुरू-शनि, सकाळी सहाची पाळी,
तीन नंबरचं मशीन
मोकळं झालं.
आम्ही असंच म्हणतो. मोकळं झालं.

चेंदणी कोळीवाड्यातला माणूस,
सगळा जन्म खाडीच्या पाण्यावर
आणि शेवटची चार वर्षं
दिवसाला एक लिटर, मोजून.
बर्फाचा खडा गालात धरून म्हणायचे,
"पोरी, मासा पन हसंल माला."
त्यांचा नॅपकिन अजून लॉकरमध्ये आहे.

यादीत सतरा नावं.
पहिलं दिनकर सामंत, अडुसष्ट,
वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली तेव्हापासून घरी.
दुसरं सुगंधा वाघमारे, एकतीस,
लोकमान्य नगरच्या चढावर खोली, मुलगी दुसरीत.
कळव्याला पैसे भरून आठवड्यातून दोनदा जाते,
तिसऱ्यांदा जायला हवं, तेव्हा पाय सुजवून बसते.
अकराव्या नावासाठी फोन आला होता,
"जरा बघा" एवढंच.
जरा म्हणजे किती, ते कोणी विचारत नाही.

मीटिंगला डॉक्टर नाफडे, दोन ट्रस्टी, चहा,
आणि मी दाराशी, रजिस्टर घेऊन.
मणियारशेठ म्हणाले, "नियमित कोण येईल?
मशीन रिकामं राहायला नको.
तुम्ही सांगा, सिस्टर."
मी सिस्टर नाही, टेक्निशियन आहे.
पण त्या क्षणी तेही बोलवेना.

रजिस्टर खरं बोलतं.
मे महिन्यात सुगंधा बदली म्हणून आली होती,
आठ वेळांपैकी तीन गैरहजर.
लाल पेनने, माझ्याच अक्षरात.
खरं होतं ते. पण अर्धं.
पॅकिंगच्या कंपनीत शनिवारचा ओव्हरटाइम,
नाही म्हटलं तर सोमवारी गेटवरूनच परत;
आणि एकदा पोरीला ताप.
हे लिहायला रजिस्टरमध्ये रकाना नाही.

मी सांगितलं.
एकतीस वर्षांची आहे, हेही सांगितलं,
ते मला कोणी विचारलं नव्हतं.

डॉक्टर बराच वेळ चष्मा पुसत होते.
मग म्हणाले, "वय बघून आज रांग मोडू,
उद्या अकरावा नंबर काय बघून थांबवू?
माझ्याकडे ही रांग सोडून
दुसरी भिंत नाही."
आणि हळूच,
"सामंतांनाही मुलगी असेल, रजिस्टरमध्ये तिचाही रकाना नाही."
सामंतांची सही झाली.
बरोबर झालं, असं मला वाटलं.
चहा मात्र तसाच राहिला.

सुगंधाला फोन मी केला.
ती मशीनवर डबे बंद करत होती, मागे खडखडाट.
रडली नाही.
"मग मी आता कितवी?"
"पहिली."
म्हणताना बरं वाटलं होतं मला,
म्हणून झाल्यावर तोंडात काहीतरी आंबट आलं.
पहिली.
म्हणजे पुढचं मशीन मोकळं झालं की.
तिकडे खडखडाट थांबला,
की तिने कोपऱ्यात जाऊन फोन हाताने झाकला?
"बरं," म्हणाली. "सगळ्यांना बरं असू दे तिकडे."

मंगळवारी सामंत पावणेसहालाच आले,
इस्त्रीचा शर्ट, डब्यात दोन इडल्या.
वजन केलं, दोन किलो सातशे पाणी जास्त.
"आधी कोण होतं इथे?"
नाव सांगितलं.
त्यांनी उशीला हात लावला, मग घेतला.

डाव्या मनगटावर बोटं ठेवली मी,
नस आतून गुणगुणत होती,
मधमाशीसारखी, जिवंत.
मांजर अंगावर झोपल्यावर लागते तशी थरथर.
सुई टोचली. लाल नळी भरत गेली.

मग नेहमीसारखी फेरी मारली, एक ते आठ.
पाच नंबरच्या बाई आज जास्त थकलेल्या.
मी त्यांचं बीपी पाहिलं,
पुन्हा पाहिलं,
आणि लक्षात आलं
की दुसऱ्यांदा पाहणारी
कोणासाठी पाहत होती,
ते मला नक्की सांगता येत नाही.

त्यांच्या पायावर चादर ओढली.
दोन्ही पायांवर, नीट.