चिमूटभर अमोनिया

पातेल्यात हर्णैची वाळू तापवली,
वर स्टँड, त्यावर ताट,
ताटात मुस्तकीमची स्वीडनची बिस्किटं.
गोथेनबर्गला म्हाताऱ्या कुकने
डिझेलच्या हिशोबाच्या वहीत
मागच्या पानावर लिहून दिलेली.

लोणी, साखर, मैदा, चिमूटभर अमोनिया.
झाकण उचललं तर वास
थेट बर्फाच्या कारखान्याचा!
दिवसभर तिथेच असतोस,
आता घरातही?
तो म्हणाला, थांब. उडून जातो तो.

खरंच गेला.
मागे राहिली भेगाळलेली, पांढुरकी,
जिभेवर ठेवताच विरघळणारी.

तिकडे काय म्हणतात यांना?
"स्वप्नं," तो म्हणाला,
आणि लाद्या ओढून सुजलेल्या बोटांनी
एकेक डब्यात रचू लागला.
झाकण घट्ट लाव म्हणाला,
इथल्या खाऱ्या हवेत
संध्याकाळपर्यंत मऊ पडतात.