तापवणं

रात्री बॅटरी घरात यायची.
बाबा ती पोटाशी धरून आणायचे, उंबऱ्यावर बूट आपटत,
आणि विटांच्या शेगडीजवळ ठेवायचे, सगळ्यात उबदार कोपऱ्यात,
जिथे खरं तर मी झोपायचे.
"सरक गं आगाफ्या, पाहुणी आली."
सात वर्षांची होते. त्या काळ्या, आंबूस वासाच्या पाहुणीचा
मला मनापासून राग यायचा.

पहाटे चारला दिवा लागे.
बाहेर उणे चोपन्न.
थुंकी जमिनीवर पोचेपर्यंत गारगोटी व्हायची,
आणि आजाऱ्याला घाम यावा म्हणून गुंडाळतात
तशी आमची उआझ:
घोड्याच्या केसांची वाकळ, वर दोन सतरंज्या,
त्यावर आजोबांचा बाहीफाटका कोट.

इंजिनातल्या तेलात चमचा उभा राहिला असता.
बाबा पाठीवर सरपटत गाडीखाली जायचे.
ब्लोलॅम्प पेटला की आधी ज्योतीला लोण्याचा एक खडा.
आगीला उपाशीपोटी कामाला लावू नये, म्हणायचे.
मग ती निळी जीभ तेलाच्या टाकीखाली
फार जवळ नाही, फार लांब नाही,
पाळणा हलवावा तशी, इकडून तिकडे.

चाळीस मिनिटं.
मी विजेरी धरायचे.
त्या चाळीस मिनिटांत बाबा बोलायचे.
एरवी आईशीसुद्धा हं नाहीतर हूं.
माणूस दिसायचा नाही, नुसते नमद्याचे बूट,
आणि बुटांमागून आवाज:
इंदिगिर्काच्या बर्फाखाली गेलेल्या ट्रकबद्दल,
ट्रकमधल्या पिठाबद्दल,
माझ्याआधी आलेल्या आणि आठच दिवस राहिलेल्या भावाबद्दल.
त्याचं नाव बाहिलाय ठेवलं होतं.
मी विजेरी हलू दिली नाही.

"झालं, हे कसं कळतं?"
ते हातमोजा काढून इंजिनाला तळवा लावायचे,
कपाळाला लावतात तसा.
मग किल्ली.
एकदा कण्हायची. दुसऱ्यांदा खोकायची. तिसऱ्यांदा
अख्खी आळी पांढऱ्या धुरात बुडायची.
रात्रभर एका अंगावर उभी राहून चाकं चपटलेली,
पहिला किलोमीटरभर ठक, ठक, ठक.

आता माझ्या गाडीला फोनवरून सांगता येतं.
दर दोन तासांनी ती आपली आपण उठते, गुरगुरते, निजते.
बाबा खिडकीतून तिच्याकडे बघायचे,
न विचारता स्वयंपाक उरकणाऱ्या सुनेकडे
सासू बघते तसे.

जानेवारीत ते गेले.
इथे जमीन म्हणजे खालपर्यंत दगड.
अफानासी आणि त्याचे तिघे भाचे लार्चची लाकडं घेऊन आले.
पेटवायचं, विझू द्यायचं, राख उपसायची,
वीतभर खणायचं, पुन्हा पेटवायचं.
तीन दिवस.
लोण्याचा खडा मी दिला.
दुसऱ्या रात्री अफानासी म्हणाला, जा, नीज थोडी, तापायला वेळ लागतो.
"किती?"
"म्हाताऱ्याला विचार. त्याला माहीत असायचं."
आणि आम्ही हसलो.
त्या थंडीत रडलं तर पापण्या चिकटतात.

त्या तिन्ही रात्री बाबा बाहेरच्या पडवीत होते, थंडीत, ठेवतात तसे.
बॅटरी आत होती, शेगडीजवळ, माझ्या उशाशी.

त्यांना न्यायचं ते उआझमधूनच, हे मी कुणाला विचारलं नाही.
चार हिवाळे ती जागची हलली नव्हती.
वाकळ काढली. कोट काढला, तो परत घडी घालून ठेवला.
पाठीवर सरपटत खाली गेले.
खालून सगळंच वेगळं दिसतं, अगदी जवळ, गंजकं,
आणि बोलावंसं वाटतं.
काय बोलले ते सांगणार नाही.
विजेरी अफानासीनं धरली होती. त्याचा हात फार हलतो.

चाळीस मिनिटं झाली. पन्नास झाली.
बाहेर आले, तळवा लावला, किल्ली फिरवली.
कण्हली नाही, खोकली नाही,
पहिल्याच हाकेला ओ दिली.

जास्त तापवलीस, म्हणाले असते.