एकोणनव्वद मिलिमीटर

माझ्या एका हातात धड असतं,
दुसऱ्या हातात डोकं.
पिवळं प्लास्टिक, मागं दांडा, दांड्यावर नंबर.
वर्षातून एकदा दोन्ही पुण्याला जातात, मापं तपासून यायला.
तेव्हा त्यांना फोममध्ये मीच झोपवते.

हे लेकरू कोणाचं, मला कोणी सांगितलं नाही.
हॅम्बुर्गचं असेल, नाहीतर रॉटरडॅमचं.
नाव नाही त्याला. माप आहे.

पांचाळ सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं :
जिथून धड जातं तिथून डोकंही गेलं पाहिजे,
नाहीतर धडही जाता कामा नये.
पोरं पाय पुढं घालून सरकतात,
आणि मग लटकतात.
एवढं बोलून सर चहाला गेले.
मी शिडीच्या दोन पायऱ्यांमधल्या हवेकडं
बघत राहिले बराच वेळ.

झोक्यावर आधी वाळू बसते.
कुंडलिकेची, चाळलेली, पोत्यात तोलून भरलेली.
ती रडत नाही, अजून एकदा म्हणत नाही,
हजारदा जाते, हजारदा येते,
आणि इद्रीसभाई कडीला कान लावून ऐकतात
वेल्डिंग काही कुरकुरतंय का.

घसरगुंडीच्या माथ्यावरून मी साखळीची गोळी सोडते.
ती म्हणजे स्वेटरच्या टोपीची दोरी.
फटीत अडकली, तर गळा.
मे महिना, पत्र्याचं शेड, त्रेचाळीस अंश,
जालन्याच्या एमआयडीसीत घाम पुसत
मी कुणाच्या तरी थंडीची काळजी करते.

मागच्या महिन्यात अठ्ठावीस शिड्या नापास झाल्या.
दोन मिलिमीटर.
गॅस कटर आला. घासकामाच्या गयाबाई आडव्या उभ्या राहिल्या :
"कापता काहून? आमच्या गल्लीत लावा की एखादी."
सर म्हणाले, "मावशी, तिकडं चालत नाही ते इकडं दिलं,
आन् एखादं लेकरू अडकलं, मंग?"
गयाबाई म्हणाल्या, "इकडं काय रोज सुटूनच ऱ्हायलेत का?"
कुणी बोललं नाही.
कटरची निळी ज्योत बोलत होती.

गेज बाहेर न्यायला परवानगी नाही.
म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी माझी मूठ
कॅलिपरमध्ये आडवी धरली.
एकोणनव्वदला दोन कमी.
चालतंय.

तेव्हापासून चंदनझिऱ्यात मी मूठ घेऊन फिरते.
खिडकीचे गज : पास.
पाण्याच्या टाकीची जाळी : पास, पण गंजलेली.
दवाखान्याच्या जिन्याचा कठडा : नापास, नापास, नापास.
लोक बघतात. बाई कुणावर मूठ उगारायली?

अंगणवाडीचं फाटक.
मूठ आत गेली, मनगट गेलं, कोपर गेलं.
डोकं घरी होतंच माझ्याकडं,
सहा वर्षांचं, तेल लावलेलं, दोन वेण्यांचं.
नेऊन लावून बघावं असं क्षणभर वाटलं.
नाही बघितलं.

रविवारी इद्रीसभाई आले, हापशाजवळच्या दुकानातून वायर ओढून.
"ऑर्डर कुठल्या देशाची?" त्यांनी विचारलं,
काच डोळ्यांवर घेता घेता.
मी म्हटलं, पेपर नाहीत, करा.
दोन गज उभे राहिले. रंग नाही, नंबर नाही,
कुठल्याही कंटेनरमध्ये न चढलेले.

सोमवारी संबोधी रडत घरी आली.
तिथूनच तर सगळी पोरं आत जायची म्हणे,
बाईंच्या चावीची वाट न बघता.
आता फाटकापाशी रांग लागते.
आता सगळ्यांना ठाऊक झालंय
हे कुणाच्या आईनं केलं.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी झोपेत तिनं माझी मूठ उघडली
आणि आपलं बोट आत ठेवलं.
तेवढ्या फटीचंही एक माप आहे पुस्तकात.
मी ते आठवलं,
आणि हात तसाच राहू दिला.