चौथी शेपटी

विनिपेग, उणे एकतीस.
गाडीतून उतरलं की आधी नाकातले केस गोठतात,
मग विचार.
जाहिरातीत एवढंच होतं: जुना संगणक, पडदे,
नवरा गेला, जागा हवी. चाळीस डॉलर.
फोटो अंधुक. पण मागच्या पट्टीवरून
मी ओळखलं ते कार्ड:
बिनपंख्याचं, अर्ध्या उंचीचं,
एकच रुंद जबडा
आणि त्यातून फुटलेल्या चार शेपट्या.

खेळांना कुचकामी. पाणी, धूर, स्फोट
काही जमत नाही त्याला.
त्याला एकच येतं,
चार ठिकाणी, न लुकलुकता,
आकडे धरून ठेवणं.
असल्या कार्डांसाठी मी शहर ओलांडतो.
बहीण म्हणते, जेरिको, हा रोग आहे.
खरं आहे तिचं.

ल्युबा हॅलिचुकनी दार उघडलं,
आधी बूट काढायला लावले.
ओरेस्ट धान्याचा दलाल. अडतीस वर्षं.
डावीकडे कॅनोला, मध्ये गहू,
उजवीकडे मालगाड्या,
कुठला डबा कुठल्या सायलोपाशी बर्फात रुतलाय ते.
मी मोजलं. तीन.
आणि चौथा?
त्या म्हणाल्या, सूप घेणार का?

मी टॉर्च दातांत धरून टेबलाखाली शिरलो.
तीन शेपट्या तीन पडद्यांना.
चौथीला जोड, जोडाला आणखी जोड,
कपाटामागून सरपटत भिंतीपर्यंत.
भिंतीला भोक.
भोकात, वारा येऊ नये म्हणून,
कोंबलेला लोकरी मोजा.

पलीकडे, दोन पायऱ्या खाली, स्वयंपाकघर.
फ्रिजवर, बिटाच्या बरण्यांमागे,
एक पिवळट, पंधरा इंची.

'उजव्या कडेच्या बाहेर तो खिडकी ढकलायचा,
ती भिंतीतून माझ्याकडे यायची.
मोठ्या अक्षरांत.
"गहू चढला." म्हणजे उशीर होणार, झाकून ठेव.
"गहू पडला." म्हणजे दोन दिवस काही मागायचं नाही.
कधी नुसतंच: "काल मीठ जास्त होतं." '

हाक मारली असती तरी पोचली असती, मी म्हणालो.
'जन्मभर बाजारात ओरडला होता.
घरी आवाज उरायचा नाही.'

यंत्र सुरू केलं. हार्ड डिस्क खोकली, मग चालली.
कार्डाला म्हणाल तर काही आठवत नाही,
वीज गेली की पाटी कोरी.
आठवण ठेवते ती डिस्क, तीही फिरते आहे तोवर.
मी मांडणी उघडली:
एक, दोन, तीन, ओळीत, टोकाला टोक.
चार मात्र उजवीकडे, जरासा खाली सरकवलेला.
चूक वाटली. सवयीने हात गेला, ओळ नीट करायला.
मग थांबला.
दोन पायऱ्या.
आठशे बाय सहाशे, साठ हर्ट्झ.
एवढ्या लांब केबलमध्ये सिग्नल दमतो,
अक्षरांना सावली धरते.
त्याहून जास्त मागितलं नव्हतं त्याने.

मी माउस उजवीकडे नेला. कॅनोला, गहू, डबे
(आकडे नव्हते आता, नुसत्या रिकाम्या चौकटी)
आणि काठ ओलांडून बाण गेला.
माझ्या समोर काहीच उरलं नाही.
हातात माउस, आणि तो कुठे फिरतोय ते कळेना.
आंधळ्यासारखा थोडा डावीकडे, थोडा वर.

भिंतीपलीकडे बरणी सरकल्याचा आवाज.
मग बराच वेळ काही नाही.

'आला,' त्या म्हणाल्या. 'बाण आलाय.'

मी तो तिथेच ठेवला. सूप निवत होतं.
टेबलाखालच्या थंड फरशीवर
माझा स्क्रू-ड्रायव्हर पडून होता,
कार्डाचा एकच स्क्रू काढायचा होता.

थोड्या वेळाने दारात आल्या, हात पुसत.
'पन्नास,' म्हणाल्या.
'आणि मोजा ठेवून जा.'