तिसरी प्रत घाटावर

सोसायटीच्या लोखंडी कपाटाच्या
खाऱ्या वाऱ्यानं आधी कड्या खाल्ल्या, मग बिजागऱ्या,
आणि चौऱ्याऐंशी सालचं सभासद रजिस्टर
वाळवीनं इतकं मन लावून वाचलं
की शेवटी पुठ्ठे तेवढे जाग्यावर राहिले.
तेव्हापासून मी स्कॅन करते.

होडीचं रजिस्ट्रेशन, विम्याच्या पावत्या,
डिझेल परताव्याचे अर्ज.
कुठल्या अंगठ्याशेजारी तारलीचं खवलं चिकटलेलं असतं,
स्कॅनमध्ये त्याचा पांढरा ठिपका येतो.
मी तो पुसत नाही.

तांबळडेगात पहिली डिस्क आली, पानाच्या डब्याएवढी,
तेव्हा लवू केळुसकरानं ती तळहातावर तोलली :
"एवढ्याश्यात माजी व्हडी मावली गो? इंजिनासकट?"
मावली, म्हटलं. कर्जासकट.

एक प्रत ऑफिसात.
एक माझ्या घरी, घट्ट झाकणाच्या बरणीत,
सोबत नव्या चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या
ओल पिणाऱ्या पुड्या.
तिसरी घाटावर, गारगोटीला, रेजिनाच्या बहिणीकडे,
जिथं मीठ फक्त जेवणात असतं.
सहा महिन्यांनी नवी वर जाते, जुनी खाली येते.
पार्सलनं नाही. कुणीतरी आपलं माणूस
टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन.

डिस्कला कुलूप आहे, सोळा अक्षरांचं.
आठ मला ठाऊक, आठ रेजिनाला.
त्यामुळे आम्ही दोघी भांडत नाही.
म्हणजे भांडतो, पण सोमवार सोडून.
आणि लाखेनं बंद केलेली दोन पाकिटं
दोन वेगळ्या घरांत, कारण माणूस मरतं
आणि डिस्कला ते कुणी सांगत नाही.

यंदा नारळी पौर्णिमेला चार दिवस असताना
ऑफिसातली डिस्क आतून चुकचुकली,
पालीसारखी. एकदा. दोनदा.
मग गप्प.
घरची बरणी उघडली. फायली होत्या,
उघडेनात. अर्ध्यावर करडा पट्टा.
आठवलं : मार्चअखेर, पाच दहाची एसटी,
दिवा लुकलुकत होता आणि मी वायर ओढली,
गळ काढायच्या आधी मासा ओढावा तशी.
हे मी मीटिंगमध्ये सांगितलं नाही.
इथं सांगते.

रेजिना गेली, दुसऱ्या दिवशी रात्री आली, भिजलेली,
टॉवेल कोरडा.
तिनं आठ अक्षरं टाईप केली, मी मान वळवली.
मी आठ केली, तिनं वळवली.
उघडलं.

बाकावर लवू. त्याच्या परवान्याचा कागद
कपाटाबरोबरच गेला होता.
पडद्यावर पहिली बाजू आली, शिक्का, सही, सगळं.
मग दुसरी, कारण मी सवयीनं दोन्ही बाजू घेते.
पाठीमागे पेन्सिलीनं, तिरकं :
बर्फ चाळीस. जाळ्याक दोरो. पोराक वही.
ह्यांका चप्पल, आणि त्यावर काट,
ह्या म्हयन्यात नको.

"ता मोठा कर," लवू म्हणाला.
केलं.
"आणि."
आणखी केलं. अक्षरांचे चौकोन झाले,
राखाडी, एकमेकांना लागून.
"शेवंतीचाच," तो म्हणाला, चौकोनांकडे बघत.
पंखा फिरत होता. रेजिनानं उगाच पंच मशीन सरळ केलं.
"बस्स. आता परवानो छाप."

त्या रात्री नव्या तीन प्रती केल्या.
प्रत्येकीतली फाईल न् फाईल उघडून पाहिली,
न उघडलेलं जपलेलं नसतं, नुसतं ठेवलेलं असतं.
दिवा विझेपर्यंत वायरीला हात लावला नाही.
बाहेर ओहोटी लागली होती, कुणाचं तरी इंजिन
सुरू होत नव्हतं, पुन्हा पुन्हा.

यादीत केळुसकरांच्या परवान्यापुढे,
रकाना नव्हता तरी, बारीक अक्षरात लिहिलं :
मागची बाजूही ठेवणे.