आक्षेप क्रमांक सदतीस

लेखापरीक्षक विचारतात:
बस क्रमांक चौदा, परिवहन कार्यालयाने सील केलेली,
अकरा जानेवारीला बारा किलोमीटर चालली कशी?
किलोमीटर आहेत, उत्पन्न निरंक.
खुलासा सात दिवसांत.

पाच दिवस मी पेनाचं टोपण चघळतोय.

बाकीच्या छत्तिसांची उत्तरं सोपी होती.
भविष्यनिर्वाह निधी कापला, भरला नाही: हो.
विम्याचा हप्ता चुकला: हो.
पंपवाल्या बाहेतींनी डिझेलची उधारी बंद केली
तेव्हा पाणीपट्टीच्या खात्यातून उचल घेतली
आणि ती फेडायला परिवहनच्या ठेवी मोडल्या:
कागदोपत्री तसं दिसतं खरं.
‘सबब आक्षेप वगळण्यात यावा’
हे वाक्य मी एवढ्यांदा लिहिलंय
की घरी भाजी अळणी झाली तरी तोंडात तेच येतं.

बावीस गाड्या आणल्या होत्या, हार घालून.
नारळ फोडला तो पहिल्याच गाडीच्या काचेवर उडाला.
तडा अजून आहे;
योग्यता तपासणीत दोष क्रमांक एक.
आता नऊ गाड्या विटांवर उभ्या,
त्यांची चाकं दुसऱ्यांना गेली, दुसऱ्यांची कुठं गेली विचारू नका.
सभापतींच्या नावाची पाटी तेवढी
सगळ्यांवर शाबूत.

मोटार निरीक्षक आले, पोरसवदा, भला माणूस.
टॉर्च घेऊन स्वतः गाडीखाली शिरला,
बाहेर येऊन हात पुसत म्हणाला,
“साहेब, याला ब्रेक नाही म्हणत. नशीब म्हणतात.”
त्याचं काय चुकलं?
सुतळी मीच धरली, गाठ त्यानं मारली.
चौदा नंबरपर्यंत येता येता लाख संपली,
म्हणून तिथं नुसती गाठ.

ती गाठ खाजामियाँनी कापली नाही.
सोडवली, आणि परत आल्यावर
होती तशीच बांधली.
मला नंतर दाखवलीसुद्धा, जरा ऐटीतच.

पहाटेचे साडेचार, तोंडातून वाफ निघावी अशी थंडी,
गंगाखेड नाक्यावर जिनिंगच्या बाया,
नाकाला फडकं, काखेत डबा.
सेवा पुढील आदेशापर्यंत स्थगित आहे
हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.
नोटीस आम्ही लावली होती.
डेपोच्या आत.

“औरताँ खड़ी थीं,” खाजामियाँ म्हणाले, “ले गया.”
“आणि ब्रेक?”
“लगायाच नै. आहिस्ता गया.”

एकतीस बाया, विमा नाही,
आणि मधे तो फाटकाजवळचा उतार.
माझ्या पोटात गोळा आला.
वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना मी शिवी दिली,
त्यांनी ती ऐकून घेतली
आणि खिशातून एक रुमाल काढून टेबलावर ठेवला.

तिकीटयंत्र कंपनीनं बिलापायी बंद केलेलं.
तरी बायांनी पैसे दिलेच.
चंद्रभागाबाई घनसावंत नावाच्या कुणी
दहा-दहा गोळा करून गाठोडं बांधलं,
“फुकट बसलो मनून कुणी बोलाया नको.”
तीनशे दहा. एका नोटेला चिकटपट्टी.

भरायला गेलो तर रोखपाल म्हणतो, लेखाशीर्ष सांगा.
देणी एकोणीस कोटींची, त्यांना शीर्षं आहेत,
उपशीर्षं आहेत, रंगीत फिती आहेत.
या तीनशे दहाला नाही.
पावती फाडावी तर फेरी झाली म्हणावं लागतं,
फेरी झाली म्हणावं तर खाजामियाँची नोकरी जाते,
नोकरी, म्हणजे पाच महिने पगार नसलेली,
पण जाते.

काल लिहिलं: ‘किलोमीटरदर्शक यंत्रात बिघाड.’
खोडलं.
परत लिहिलं.

सकाळी येताना नाक्यावर पाहिलं,
एका रिक्षात अकरा बाया, सीटला वीस रुपये.
त्यांतली एक मला ओळखून ओरडली,
“ओ साहेब, चंद्रभागा मनती,
पैसे ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं,
रुमाल तेवढा वापस करा.”