मुक्काम पोस्ट सी

कुताइसीत, रिओनीच्या पुलापासून दोन गल्ल्या आत,
तिसऱ्या मजल्यावर एतेरीनं व्हीसीआरला
पिवळी, पांढरी, लाल अशा तीन वायरी जोडल्या
आणि बापाच्या सव्वीस कॅसेटींतली पहिली आत ढकलली.
गिळताना यंत्र खाकरलं.
ओतारीही असाच खाकरायचा, बोलण्याआधी.

कॉम्प्युटर भावाचा.
मालखाझ आता पोलंडमध्ये ट्रक चालवतो,
जाताना पासवर्ड कागदावर लिहून फ्रीजला चिकटवून गेला.
आई इटलीत, परक्या एका म्हातारीला घास भरवते.

लाल बटण दाबलं. चित्र आलं.
चौऱ्याण्णव साल, वीज गेलेली,
मेणबत्तीशी आई मक्याचे दाणे सोडवतेय
आणि कॅमेऱ्याकडे न बघता म्हणतेय,
बॅटरी कशाला जाळतोस.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला पडद्यावर चौकट:
जागा शिल्लक नाही.

कुठली जागा?
कुठं ठेवायचं हे तिनं सांगितलंच नव्हतं,
आणि कुणी विचारलंही नव्हतं.

सेटिंग्ज, त्यात ऑप्शन्स, त्यात आणखी एक कप्पा,
कप्प्याच्या तळाशी राखाडी पट्टी,
पट्टीवर बारीक अक्षरांत पत्ता:
मुक्काम पोस्ट सी,
तालुका यूजर्स,
मालखाझच्या घरी, व्हिडिओंच्या खोलीत.

म्हणजे आई, मका, मेणबत्ती
निमूट त्याच्या नावाच्या दाराआड जाऊन बसली होती,
फुटबॉलच्या गोलांना आणि कुणा मुलीच्या
अर्ध्या मिनिटाच्या हसण्याला खेटून.
एतेरीनं ती मुलगी दोनदा पाहिली. ओळखीची नव्हती.

तळमजल्यावरचा साबा आला, वय चौदा,
हातात नवी हार्डडिस्क, साबणाच्या वडीएवढी.
ब्राउज दाबा, तो म्हणाला, इथं बोट दाखवा, झालं.
झालं नाही.
नवी डिस्क चार जीबीच्या वर घास घेईना,
दर एकोणीस मिनिटांनी फाइल तुटायची.
व्हालेरी काकांनी लग्नात वाईनचं शिंग उचललं,
पहिल्या फाइलीत ते ओठांना टेकतं,
दुसरीत रिकामं.
मधली वाईन कुठल्या फोल्डरात गेली
ते साबालाही सांगता आलं नाही.

त्यानं डिस्क पुसली, नव्यानं आखली.
म्हणाला, आता पत्ता हातानं टाइप करा.
तिनं बापाचं नाव लिहिलं.

हा फोल्डर अस्तित्वात नाही.
तयार करायचा का?

हो. नाही.
इतक्या अदबीनं तिला या शहरात कुणी काही विचारलं नव्हतं,
ना दवाखान्यात, ना म्युनिसिपालिटीत,
ना त्या माणसानं, ज्यानं दगडावर तारीख चुकीची कोरली.
साबा म्हणाला, काकू, हो दाबा.
तिनं दाबलं.

अकरा दिवस मग सगळं नीट चाललं.
द्राक्षं तुडवणारे पाय, गुडघ्यापर्यंत लाल.
शाळेच्या नाटकातलं झाड, म्हणजे ती स्वतः.
बाराव्या दिवशी टेबल पुसायला तिनं डिस्कची वायर काढली,
परत लावली.
रात्री मोजल्या तर फायली पंचवीस.

साबा असता तर म्हणाला असता, डिस्कचं अक्षर बदललं,
काल ई होती, आज एफ आहे,
सांगितलेली जागा सापडली नाही
म्हणून प्रोग्रॅम मुकाट्यानं जुन्या घरी गेला.
साबा नव्हता. ती आपली आपण शोधत पोचली,
मुक्काम पोस्ट सी.

सव्विसावी तिथंच होती.
बापानं कॅमेरा कपाटात ठेवलाय, बंद करायला विसरलाय.
वीस मिनिटं कपाटातला काळोख,
बाहेर ताटं वाजतात, नळ गळतो,
आणि पाच-सहा वर्षांचा मालखाझ
खोल्याखोल्यांतून ओरडत फिरतो:
कुठं ठेवलात? सांगा ना, कुठं ठेवलात?

तिनं फाइलीवर उजवं बटण दाबलं. यादी उघडली.
कट, कॉपी, नाव बदला.
तो आज सकाळी म्हणाला होता, पोझनानच्या अलीकडे आहे,
रस्ता बंद आहे, बर्फ आहे.
यादी उघडीच राहिली,
व्हीसीआर कॅसेट मागे फिरवत राहिला.